आयझॉल एफसी या क्लबचा इतिहास काय आहे? आपल्या गडचिरोलीसारख्या जिल्ह्यातून असा क्लब उभा राहू शकतो का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलं आहे की तुम्ही कोरची तालुक्यातले, गावात पोरांची फुटबॉल टीम आहे, आणि मिझोरमच्या आयझॉल एफसीनं २०१७ मध्ये आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली वरची फुटबॉल लीग, जिंकली हा 'चमत्कार' होता, आपल्या भागात असे चमत्कार होत नाहीत. मी याच जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेत क्रीडाशिक्षक आहे. या क्लबची गोष्ट मी दरवर्षी माझ्या पोट्ट्यांना सांगतो, म्हणून जरा लांब उत्तर लिहितो. त्यात चमत्कार काहीच नव्हता, आणि आपल्यासाठी आनंदाची बाब तीच आहे.

आधी एक आकडा. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या मिझोरम राज्याची लोकसंख्या होती साधारण १० लाख ९७ हजार. त्याच जनगणनेत आपल्या गडचिरोली जिल्ह्याची होती साधारण १० लाख ७३ हजार. म्हणजे भारताचा फुटबॉल विजेता क्लब देणारं राज्य माणसांच्या हिशेबानं आपल्या एका जिल्ह्याएवढं आहे. तिथंही डोंगर, जंगल, बांबू, पावसात तुटणारे रस्ते. २०१७ साली राजधानी आयझॉलपर्यंत रेल्वेसुद्धा पोचली नव्हती, ती शहराजवळच्या सायरांगला आली २०२५ मध्ये. आपल्या जिल्ह्याच्या एका टोकाला असलेलं वडसा स्टेशन आठवा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

आता इतिहास. पूर्वी त्या भागाला लुशाई टेकड्या म्हणत. तिथं १८९४ पासून मिशनरी आले, शाळा निघाल्या, आणि शाळांसोबत, पलटणींसोबत फुटबॉल आला. पुढचा काळ फार वाईट होता. १९५९ मध्ये बांबूला फुलोरा आला. बांबू फुलला की बिया खाऊन उंदीर बेसुमार वाढतात आणि मग शेतातलं पीक फस्त करतात. मिझो लोक या दुष्काळाला माउताम म्हणतात. सरकारी मदत वेळेवर पोचली नाही म्हणून जो असंतोष साठला, त्यातून मिझो नॅशनल फ्रंट उभा राहिला. १९६६ च्या मार्चमध्ये उठाव झाला आणि भारतीय हवाई दलानं आयझॉलवर बाँब टाकले. त्यानंतरची वीस वर्षं बंडाळीत गेली, गावंच्या गावं उठवून दुसरीकडे वसवली गेली. ३० जून १९८६ ला शांतता करार झाला आणि २० फेब्रुवारी १९८७ ला मिझोरम वेगळं राज्य झालं.

आयझॉल एफसीची स्थापना १९८४ ची. करार व्हायच्या दोन वर्षं आधीची. मी हे पोरांना मुद्दाम सांगतो, कारण आपला जिल्हा चांदा जिल्ह्यातून वेगळा निघाला २६ ऑगस्ट १९८२ ला, आणि 'आपल्याकडे नक्षल होतं म्हणून काही झालं नाही' हे वाक्य आपण सगळेच फार सहज बोलून जातो. त्रास खरा आहे, मी तो पाहिला आहे. पण मिझोरममध्ये गोळीबार थांबायची वाट न पाहता लोकांनी क्लब काढले होते.

तरी पहिली पंचवीस-सत्तावीस वर्षं या क्लबचं नाव राज्याबाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. त्या काळात मिझोरममधून बाहेर जायचे ते एकेकटे खेळाडू. शायलो मालसॉमत्लुआंगा हा पोरगा जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत शिकला आणि तिथून कोलकात्याच्या ईस्ट बंगालमध्ये गेला. मिझो पोरांना पहिल्यांदा समजलं की फुटबॉल खेळून पोट भरता येतं. पुढे जेजे लालपेखलुआ आला, भारताकडून भरपूर गोल केले. पण खेळाडू बाहेर जाणं वेगळं आणि घरचा क्लब उभा राहणं वेगळं. कामठी-नागपूरकडूनही चांगले खेळाडू बाहेर गेलेच आहेत.

माझ्या मते सगळं बदललं २०१२ मध्ये. त्या वर्षी मिझोरमच्या फुटबॉल संघटनेनं मिझोरम प्रीमियर लीग सुरू केली. सुरुवातीला फक्त आठ संघ. झोनेट नावाच्या तिथल्याच केबल वाहिनीनं सामने थेट दाखवायला घेतले. दिल्ली-मुंबईतून कोणी बडी कंपनी आली नव्हती. घराघरात जी केबल होती तिच्यावरच लोक संध्याकाळी आपल्या मोहल्ल्याचा सामना पाहू लागले.

मोहल्ल्याचा, हे नीट लक्षात घ्या. आयझॉल शहर वेगवेगळ्या वस्त्यांत वाटलेलं आहे, त्यांना तिथं वेंग म्हणतात. लीगमधल्या संघांची नावं पाहा: चानमारी, दिंथार, छिंगा वेंग, बेथलेहेम वेंगथ्लांग. ही सगळी वस्त्यांची नावं आहेत. प्रेक्षक मैदानावर येतात ते आपली वस्ती खेळते म्हणून. पोरगा खेळतो तेव्हा त्याची आजी, शेजारी, चर्चमधली माणसं सगळी बघायला बसलेली असतात. असा पोरगा दर आठवड्याला दीड-दोन तास जीव तोडून खेळतो, आणि हे महिनोन्महिने चालतं.

दोन वर्षांत फळ दिसलं. मार्च २०१४ मध्ये सिलिगुडीला मिझोरमनं रेल्वेच्या संघाला ३-० हरवून संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा, जिंकली, राज्याच्या इतिहासात पहिल्यांदा. १९४१ पासून चालत आलेली ही स्पर्धा, बंगालच्या कपाटात सगळ्यात जास्त करंडक, आणि एका छोट्या डोंगरी राज्यानं ती नेली. त्याच्या पुढच्याच वर्षी आयझॉल एफसीनं आय-लीगचा दुसरा विभाग जिंकला आणि देशाच्या वरच्या लीगमध्ये खेळणारा मिझोरमचा पहिला क्लब ठरला.

आता २०१६ बघा. हा भाग लोक गाळतात, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पहिल्याच हंगामात आयझॉल नऊ संघांत आठवं आलं आणि खालच्या विभागात ढकललं गेलं. नववा, म्हणजे शेवटचा, संघ होता आपल्या पुण्याचा डीएसके शिवाजीयन्स. पण त्यांना थेट प्रवेश मिळाला होता आणि नियमानं खाली जाण्यापासून सूट होती, म्हणून आठव्याला जावं लागलं. त्यानंतर लगेच हाच संघ फेडरेशन कपमध्ये, म्हणजे क्लबांच्या बाद स्पर्धेत, उतरला, त्या वर्षीच्या आय-लीग विजेत्या बंगळुरूला बाहेर काढलं आणि थेट अंतिम सामन्यात पोचला. गुवाहाटीला मोहन बागाननं त्यांना ५-० असं धुतलं. महिनाभराच्या आत खाली आणि वर, दोन्ही.

मग गोव्याचे क्लब चिडले. इंडियन सुपर लीग (आयएसएल) या वेगळ्या लीगला देशाची सगळ्यात वरची लीग करायची योजना पुढे आली आणि तिच्या विरोधात साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो या क्लबांनी आय-लीग सोडली. जागा रिकाम्या झाल्या आणि आयझॉलला परत घेतलं गेलं. हे नशीब होतं, मी नाकारत नाही. पण नशिबानं दार उघडलं तेव्हा आत जायला संघ तयार होता. त्यांच्या घरी लीग चालूच होती, पोरं खेळतच होती.

आणि इथं आपलं महाराष्ट्राचं नातं जुळतं. खालिद जमील बरीच वर्षं मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. कमी पैशाच्या त्या संघाला ते दरवर्षी खाली जाण्यापासून वाचवत. २०१६ मध्ये तो संबंध संपला आणि हंगामाच्या तोंडावर ते आयझॉलला गेले. मुंबई एफसीत त्यांच्या हाताखाली खेळलेले आशुतोष मेहता आणि जयेश राणेही तिकडे पोचले. गोव्याचा आल्बिनो गोम्स गोलमध्ये. सीरियाचा महमूद अल अमना मधल्या फळीत, लायबेरियाचा आल्फ्रेड जारयान त्याच्या मागे, आयव्हरी कोस्टचा कामो बायी पुढे. बाकी बहुतेक मिझो पोरं. क्लबचे मालक रॉबर्ट रोमाविया रॉयते, जे पुढे राज्याचे क्रीडामंत्री झाले, त्यांच्याकडे कोलकाता-बंगळुरूच्या क्लबांएवढा पैसा नव्हता.

जमील यांची पद्धत दिसायला फार देखणी नव्हती. बचाव घट्ट, धावणं भरपूर, आणि चेंडू मिळाला की अल अमनाकडे. घरचे सामने डोंगराच्या कुशीतल्या राजीव गांधी स्टेडियमवर दुपारी व्हायचे, कारण ईशान्येत दिवस लवकर मावळतो. पाहुण्या संघांची त्या उंचीवर आणि त्या गर्दीसमोर दमछाक व्हायची.

२२ एप्रिल २०१७ ला मोहन बागान आयझॉलला आला. दोघंही जेतेपदाच्या शर्यतीत. सामना ०-० वर लांबत गेला आणि शेवटच्या दहा मिनिटांच्या आसपास झोमिंगलिआना राल्टे या बचावपटूनं हेडरनं गोल केला. १-०. आता शेवटच्या सामन्यात आयझॉलला एक गुण पुरणार होता.

३० एप्रिलला शिलाँगमध्ये तिथल्याच लाजाँग क्लबविरुद्ध तो सामना झाला. आयझॉलहून शेकडो लोक डोंगरातले वळणाचे रस्ते कापत शिलाँगला पोचले होते. नवव्या मिनिटाला लाजाँगच्या दिपांडा डिकानं गोल केला. तिकडे कोलकात्यात मोहन बागान चेन्नई सिटीशी खेळत होता आणि जिंकणार हे दिसत होतं. तो जिंकला आणि हे हरले तर बागानचे आणि आयझॉलचे गुण सारखे होऊन सगळं हातचं जाणार होतं. मध्यंतर गेलं, तासभर गेला. सदुसष्टाव्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलानं बरोबरी साधली. त्यापुढची वीस-पंचवीस मिनिटं मी मोबाइलवर, नेटवर्क शोधत, पाण्याच्या टाकीवर चढून पाहिली. १-१. आयझॉल ३७ गुण, मोहन बागान ३६. ईशान्य भारतातल्या क्लबनं देशाची वरची लीग जिंकण्याची ती पहिली वेळ होती. आणि त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला राहून बाहेर गेला.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते मनाला लागतं. दुसऱ्या बहुतेक देशांत असा क्लब वरच वर गेला असता. इथं पैसेवाली आयएसएल वेगळी होती आणि तिच्यात चढून जायचा रस्ताच नव्हता. मालकांनी उपोषणाचा इशारा दिला, पण उपयोग झाला नाही. खालिद जमील ईस्ट बंगालला गेले, अल अमनाही तिकडेच गेला, चांगली पोरं एकेक करून निघाली. जानेवारी २०१८ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या पात्रता सामन्यात इराणच्या झोब आहानकडून आयझॉल ३-१ हरलं. आय-लीग विजेत्याला आयएसएलमध्ये जागा मिळायला लागली ती २०२३ पासून, पंजाब एफसीच्या वेळी. आयझॉलसाठी सहा वर्षं उशीर झाला. हा अन्याय होता असं माझं स्पष्ट मत आहे. जमील मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. मिझोरमचा लल्लियानझुआला छांगते २०२२-२३ चा देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. क्लबचे दिवस फिरले, पण ज्या जमिनीतून तो क्लब उगवला तिथं पीक येतच राहिलं.

आता आपलं.

फुटबॉल विदर्भाला परका नाही. कामठीला इंग्रजांची छावणी होती, तिथं आणि नागपुरात हा खेळ फार जुना आहे. कामठीचा रब्बानी क्लब, नागपूरचे राहुल क्लब आणि यंग मुस्लिम ही नावं फुटबॉलवाल्या कोणालाही माहीत असतात. नागपुरातच विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांसाठी स्लम सॉकर सुरू केलं. पण वैनगंगा ओलांडून इकडे आलं की फुटबॉल उरतो फक्त शाळेपुरता. आणि शाळेचा फुटबॉल म्हणजे काय? सुब्रतो कपची तालुका फेरी, नाहीतर आश्रमशाळांच्या प्रकल्पस्तरीय क्रीडा स्पर्धा. बाद पद्धत. सकाळी गाडीनं जायचं, एक सामना खेळायचा, हरलं की डबे खाऊन परत. झालं, त्या पोरांचा वर्षाचा फुटबॉल संपला. आमच्या शाळेतला एखादा टुरा इतका चपळ असतो की बघत राहावं, आणि त्याला वर्षातून दोन खरे सामने मिळतात. मिझोरममध्ये लीग खेळणाऱ्या पोराला त्याच वर्षात कितीतरी जास्त मिळतात. फरक पायात नाही, सामन्यांच्या संख्येत आहे. म्हणून मी म्हणतो, क्लब काढायच्या नादाला आधी लागू नका. आधी लीग.

तुम्ही म्हणाल, लीग चालवणार कोण, पैसा कोण देणार, बघायला कोण येणार. भाऊ, तुम्ही झाडीपट्टीतले, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धान-जंगलाच्या भागातले आहात! दिवाळी झाली, धान कापून झालं, की आपल्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि रात्रभर नाटकं चालतात. वडशाला नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत. गावातलं मंडळ नाटक ठरवतं, मंडप टाकतं, तिकिटं विकतं, आणि पाहुणेरावळे बैलगाड्यांनी, आता मोटरसायकलींनी, थंडीत कुडकुडत पहाटेपर्यंत बसतात. सरकारी अनुदानाच्या भरवशावर हे चालत नाही. याच मातीतले नाटकवाले परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आयझॉलच्या वस्त्यांनी फुटबॉलसाठी जे केलं तेच आपल्या गावांनी नाटकासाठी केलं आहे. तिकीट काढून आपल्या गावची गोष्ट बघायला बसणारा प्रेक्षक आपल्याकडे तयार आहे. कबड्डीच्या खुल्या सामन्यांना रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गर्दी असते, तीही तुम्ही पाहिली असेल.

पैशाचं म्हणाल तर तुमच्या कोरची आणि शेजारच्या धानोरा तालुक्यातल्या कितीतरी ग्रामसभांकडे सामूहिक वनहक्क आहेत. धानोऱ्यातल्या मेंढा-लेखा गावाला ते २००९ मध्ये मिळाले, २०११ मध्ये बांबू विकायची परवानगी गावाच्या हातात आली, आणि आज अनेक ग्रामसभा तेंदूपत्ता, बांबू स्वतः विकतात. त्या पैशातून विहिरी, रस्ते, शिष्यवृत्त्या होतात; गावचा संघ हा विषय ग्रामसभेत मांडायला काय हरकत आहे? रक्कम मोठी लागत नाही. गोलपोस्टला आपला बांबू आहे. चेंडू, शिट्टी, चुना, दोन जाळ्या आणि बाहेरून आलेल्या संघाचं जेवण, एवढाच खर्च.

माझा कच्चा आराखडा असा. सहा गावं घ्यायची. प्रत्येक गावानं दुसऱ्याशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्यांच्या. प्रत्येकाला दहा सामने, एकूण तीस. दर रविवारी तीन सामने केले तर दहा रविवार लागतात. डिसेंबरच्या सुरुवातीला सुरू करायचं म्हणजे फेब्रुवारीच्या मध्याला संपेल. मार्चमध्ये मोहाची फुलं पडायला लागली की पहाटेपासून घरंच्या घरं जंगलात असतात, त्यानंतर तेंदू. तेव्हा खेळाचं नाव काढू नका. अकरा-अकरा जमत नसतील तर पहिल्या वर्षी सात-सात खेळा, मैदान लहान लागतं आणि प्रत्येकाच्या पायाला चेंडू जास्त वेळा लागतो. संघाला गावाचंच नाव द्या. टायगर, वॉरियर्स असली नावं नकोत. आजीला कळलं पाहिजे की कोण खेळतंय. पोरींचे सामने त्याच दिवशी, त्याच मैदानावर, आधी ठेवा. आमच्या आश्रमशाळेत पोरींचा संघ पोरांपेक्षा जास्त शिस्तीत सराव करतो, त्यांना नंतरच्या रिकाम्या मैदानावर ढकलू नका. आणि बक्षीस एखाद्या पुढाऱ्याच्या नावानं पहिल्या क्रमांकाला एकवीस हजार असं ठेवू नका, नाहीतर दुसऱ्याच वर्षी बाहेरून भाड्यानं खेळाडू येतील आणि आपली पोरं बाकावर बसतील. खुल्या कबड्डीत हेच झालं आहे.

एक नियम मी लेखी करून घ्यायला सांगेन: हरणारा संघ बाहेर जाणार नाही. शेवटचा आला तरी त्याचे दहा सामने पूर्ण व्हायलाच हवेत. आयझॉल आठवं आलं तेव्हा त्यांची राज्यातली लीग थांबली असती तर २०१७ झालंच नसतं.

क्लब नंतर काढता येतो. दोन-तीन हंगाम झाले की सहा गावांतून वीस पोरं आपोआप दिसू लागतील, त्यांचा तालुक्याचा संघ करा, संस्था नोंदवा, जिल्हा संघटनेकडे जा, नागपूरला खेळायला पाठवा. तिथं पहिल्या वर्षी पाच-सहा गोलांनी हराल. हरू द्या.

तुमच्या बाजूची तीन गावं तयार झाली तर आमच्या बाजूनं तीन मी उभी करतो. दोन शाळांची मैदानं आहेत, तिसरं धानाच्या बांध्यांतलं आहे, त्याचे धुरे, म्हणजे बांध, फोडावे लागतील आणि मालकाशी मी बोललो आहे. पंचांसाठी शिट्टी वाजवायला आमच्याकडचे दोन शिक्षक आहेत. तुमच्याकडच्या गावांची नावं आणि मैदानांची अवस्था खाली लिहा, म्हणजे ग्रामसभेत मांडायचा अर्ज सोबतच तयार करू.